नऊ दोऱ्यांचा बाहुला

मला बघायला आलेल्या पाचव्या मुलानं उप्पीट यायच्या आधीच पिशवीतून एक बाहुला काढला, माझ्यासमोर स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, "हे जरा बघून सांगा, कसं आहे ते."

मुलगी बघायला आलेली माणसं काय काय विचारतात ते तोवर मला पाठ झालं होतं. भाकरी परातीत थापता की हातावर, शिक्षण किती, जरा चालून दाखव. आधीच्या स्थळानं तर माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला होता, नजर बरोबर आहे का ते बघायला. रोज ढिगानं चादरी तपासणाऱ्या माझ्या नजरेची परीक्षा. मी दोरा ओवला, सुई त्या मुलाच्या आईच्या हातात दिली आणि उठून आत गेले. ते स्थळ तिथंच संपलं. अव्वा आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. अव्वा म्हणजे माझी आई.

पण बाहुला कुणी ठेवला नव्हता.

वीतभर उंचीचा, प्लास्टिकचा पुरुष. अंगाला चिकटलेले हिरवे कपडे, कमरेला पिवळा पट्टा, डोळ्यांवर काळी पट्टी आणि गळ्याशी बांधून पाठीवर सोडलेलं तांबडं कापड. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत बसलो. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, चष्मा लावला.

"हा त्या इंग्रजी सिनेमातला," मामा म्हणाले. स्थळ त्यांनीच आणलं होतं. "पुण्याला लागलाय. हा माणूस माडीवरनं माडीवर उडतो."

"पाठीला चादर कशाला बांधलीय?" अप्पांनी विचारलं.

"उडायला."

"चादरीनं कसं उडणार? वजन केवढं असतं." अप्पांचा जन्म चादरी विकण्यात गेला होता. त्यांना हे मनापासून पटत नव्हतं.

मुलाच्या आईची मान खाली गेली. "त्याला लहानपणापासनं नाद हाय असला," ती हळूच म्हणाली. माणसं वैराग गावची होती. मुलगा पुण्याला कंपनीत आहे एवढंच आम्हाला सांगितलं होतं, आणि कंपनी म्हटल्यावर आमच्या घरात पुढचं कुणी विचारत नसे.

"फॉरेनचा दिसतोय," मामांनी निकाल दिला. मुलगा काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात अव्वानं उप्पिटाची बशी त्याच्या हातात कोंबली. मी मान खाली घालून बसले होते. तशी पद्धत होती आणि त्या बाबतीत तरी मी पद्धत पाळत होते. बाहुला ठेवताना त्याचा हात तेवढा दिसला. अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. बाकी तो गोरा की काळा, उंच की ठेंगणा, विचाराल तर तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

माणसं गेली. बाहुला स्टुलावरच राहिला.

आता हे काय म्हणायचं? भेट म्हणावी तर नारळ नाही, कापड नाही, मुलीला कुणी बाहुला देतं का? विसरला म्हणावं तर तसंही नाही. अव्वाचं म्हणणं, पोरीला लेकरांची आवड आहे का ते बघायला ठेवला असेल. मामांचं म्हणणं, फॉरेनची वस्तू दाखवून रुबाब करायचा असेल. मला दोन्ही पटेना. "बघून सांगा" हे त्यानं ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज रुबाबाचा नव्हता. आणि थट्टेचा असता तर मी तिथंच ओळखला असता, त्यात मी पक्की आहे.

हे सगळं सोलापुरातलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटचं. आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये सहा माग होते आणि अप्पांचं दुकान नवी पेठेत. मागावरून उतरलेली चादर दुकानात जायच्या आधी माझ्या टेबलावर यायची. उजेडाकडं धरायची, उलटी करायची, हात फिरवायचा, दोरे मोजायच्या छोट्या भिंगातून वीण बघायची. कुठं दोरा तुटलेला, कुठं काठ वाकडा, तिथं पिवळ्या दोऱ्याची गाठ मारायची. मग दोन ढीग. फर्स्ट आणि सेकंड. मॅट्रिक झाल्यापासून मी हेच करत होते आणि उगाच नम्रपणा कशाला, माझ्यासारखं तपासणारं त्या पेठेत दुसरं कुणी नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी बाजूला सारल्या आणि बाहुल्याला टेबलावर आडवा केला. सांगा म्हणालाय ना, सांगते.

सोलापुरात रंगीत कापड हातात आलं की आधी ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासायचं. रंग पक्का की कच्चा, लगेच कळतं. बाहुल्याची चादर घासली आणि चिंधी गुलाबी झाली. पहिली गाठ तिथंच, गळ्याशी. मग अंगावर बोट फिरवलं. दोन अर्धे भाग चिकटवून केलेला होता आणि बगलेपासून घोट्यापर्यंत सांधा वर आलेला. दोन्ही बाजूंना गाठी. डाव्या डोळ्याचा रंग पट्टीवर सांडलेला, त्यामुळं तो कायम डोळा मारल्यासारखा दिसायचा. उजवा खांदा ढिला. गुडघे वाकत होते पण एक मागं आणि एक जरासा बाजूला. उभा केला की पडायचा, दोऱ्याच्या रिळाला टेकवला तरच राहायचा. नऊ गाठी झाल्या. नऊ गाठींची चादर असती तर मी विणणाऱ्याला बोलावून चांगलं झापलं असतं.

पण हात बघितले आणि माझी पंचाईत झाली.

बाहुल्याची पाची बोटं वेगवेगळी होती. करंगळीला नख होतं. भिंग लावून बघितलं तर तळहातावर रेषा होत्या, खऱ्या माणसाला असतात तशा. कानाच्या पाळीचा मागचा खळगासुद्धा कोरलेला. अरे, ज्याला गुडघा नीट बसवता आला नाही त्यानं तळहातावर रेषा कशाला काढायच्या? आणि चादरीची किनार दुमडून शिवली होती ती हातानं, एक टाका मोठा, एक बारीक. फॉरेनला शिलाई मशीन नसतात का? मी बाहुला उलटासुलटा करत तासभर बसले. मागावरचे लोक एकमेकांना खुणा करून हसत होते. मी सगळ्यांकडं एकदा बघितलं तेव्हा कुठं माग परत नीट वाजायला लागले.

मला हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. रोज हाताचं काम बघणारी मी. पण फॉरेन हा शब्द एकदा डोक्यात शिरला की डोळ्यांचं कोण ऐकतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा जेवून दुकानाला निघाले होते. एक पाय चपलेत होता. "काय गं, त्याचा तो बाहुला कसा निघाला?" त्यांनी सहज विचारलं.

माझ्याकडं ढीग दोनच होते. तो फर्स्ट नक्की नव्हता.

"सेकंड," मी म्हणाले.

अप्पांनी दुसरी चप्पल घातली नाही. तसेच उभे राहिले. "म्हणजे फॉरेनचं म्हणून कुणीतरी सेकंड माल गळ्यात मारला, आणि यानं तो घेतला. वर आपल्याला दाखवायला आणला. ज्याला हातातली वस्तू कळत नाही, तो उद्या पोरीचा संसार काय करणार? आपल्या घरात असलं नाही चालायचं."

"हौदु," अव्वा आतून म्हणाली. एखादी गोष्ट पटली की तिला 'हो'सुद्धा कानडीत सुचायचं. "आणि एवढा थोराड झालाय, अजून बाहुल्या खेळतोय."

मी बाहुल्याबद्दल बोलले होते. मुलाबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं. हे म्हणायला मी तोंड उघडलं होतं, खोटं नाही सांगत. पण मग अप्पांनी विचारलं असतं, बरं, मुलगा पसंत आहे का? आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ना हो, ना नाही. नुसता गोंधळ. तोंड मिटलं. संध्याकाळी मामा वैरागला निरोप घेऊन गेले, योग दिसत नाही म्हणून. बाहुला परत न्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

मग पंधरा दिवस तो माझ्या टेबलावरच्या फळीवर होता, नऊ गाठींसकट. मी काम करताना तो वरून डोळा मारायचा. दोनदा मी त्याचं तोंड भिंतीकडं केलं. परत आपणच सरळ केलं. मला राग कशाचा येत होता ते मला कळत नव्हतं. सुटले म्हणून बरं वाटायला पाहिजे होतं, आधीच्या चार वेळेला वाटलं होतं. या वेळी जेवण जाईना. अव्वाला वाटलं उन्हानं असेल, तिनं ताक पाजलं.

पंधरा दिवसांनी दुपारी वीज गेली होती. सहाही माग बंद. विणणारे बाहेर लिंबाखाली विड्या ओढत बसले होते. अप्पा दुकानात, अव्वा आत डाळ निवडत होती. शेडच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. मी ओळखलं नाही. हातातली पिशवी ओळखली.

"मी ते न्यायला आलो होतो," तो म्हणाला. "बाहुलं. कारखान्याच्या मालकांना दाखवायचंय."

मी फळीवरून काढून टेबलावर ठेवलं. दोरे सोडायला हवे होते, तेवढं सुचलं नाही. त्यानं बघितलं.

"हे काय?"

"दोष," मी म्हणाले. आवाज मुद्दाम कडक केला. रागावणार, तर रागावू दे.

तो रागावला नाही. स्टूल ओढून टेबलाशी बसला आणि पहिल्या गाठीला बोट लावलं. "हा कशाचा?"

"रंग कच्चा. चिंधीला लागतो."

"व्हय. आईच्या जुन्या खणाचं कापड हाय ते. आणि हा?"

मला आधी काही उमगलं नाही. फॉरेनच्या बाहुल्याला याच्या आईचा खण कसा? "सांधा वर आलाय," मी म्हणाले. "कानशीनं घासायला पाहिजे होता."

"घासला की. लई घासला तर फुटतोय. दोन फुटले तसे."

"कुणी घासला?"

"मीच."

मी त्याच्या अंगठ्याकडं बघितलं. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. तो पुण्याला ज्या कारखान्यात होता तिथं बादल्यांचे आणि मगांचे साचे व्हायचे. ते साचे करणारा तोच. तो सिनेमा त्यानं तीनदा बघितला होता, अंधारात मांडीवर वही ठेवून चित्रं काढली होती. मग प्लास्टरचा साचा केला आणि मोडक्या बादल्यांचं प्लास्टिक वितळवून ओतलं. बाहुल्याचे हिरवे कपडे म्हणजे कुणाच्या तरी न्हाणीघरातली बादली होती. रद्दीत त्याला एक फॉरेनचं मासिक सापडलं होतं. तिकडं म्हणे मोठी मोठी माणसं असले बाहुले जमवतात, काचेच्या कपाटात लावून ठेवतात. त्या कपाटात ठेवण्यासारखा एक आपल्या हातून व्हावा एवढंच त्याच्या मनात होतं.

"मामा फॉरेनचा म्हणाले, तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं. मी जवळजवळ ओरडलेच. आतलं डाळ निवडणं थांबलं.

"बोलणार होतो. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे. मी केलंय म्हटल्यावर तुमी छानच म्हणाला असता. सगळी तसंच म्हणतेत. मला खरं पाहिजे होतं." त्यानं दुसरी गाठ तपासली. "तुमचे मामा म्हणाले होते, पोरीची नजर लई कडक हाय."

आमच्या मागावर एक रीत होती. दोष निघाला की आधी तो विणणाऱ्याला दाखवायचा. त्याला टेबलाशी बोलवायचं, गाठीवर बोट ठेवायचं, तो काय म्हणतो ते ऐकून घ्यायचं. काही वेळा दुरुस्त होण्यासारखं असतं. काही वेळा त्याचं म्हणणं खरं असतं. आणि मग अप्पांना सांगायचं. एवढ्या वर्षांत मी ती एकदाही मोडली नव्हती, कितीही तापले तरी. बाहुला ज्यानं केला तो माझ्यासमोर बसून उप्पीट खाऊन गेला, आणि मी दोष सांगितले ते अप्पांना. मला लाज वाटली. खरंच, टेबलाखाली शिरावं असं झालं.

तो मात्र खुशीत होता. मास्तरांनी तपासलेली वही परत मिळाल्यावर हुशार पोर बघतं तसं एकेक गाठ बघत होता. "हे मला दिसलं होतं. हे दिसलं होतं. हे न्हाय, हे नव्हतं दिसलं." खांदा हलवून बघितला. "तार घालायला पाहिजे आतनं." मग विचारलं, "मग निकाल काय? कुठल्या ढिगात?"

"सेकंड म्हटलं मी," मी म्हणाले. लपवून काय करणार.

त्यानं विचार केला. "फर्स्ट कुठाय याचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे कशाशी ताडून सेकंड? हा एकच हाय."

चादरी शेकड्यानं होतात, त्यात एक फर्स्ट असते म्हणून दुसरी सेकंड होते. जगात एकच असलेल्या वस्तूला कुठल्या ढिगात घालायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "हात फार चांगले झालेत." पंधरा दिवसांत हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते. "तळहाताच्या रेषासुद्धा."

"दिसल्या?" तो एकदम वर बघून म्हणाला. "आजपर्यंत कुणालाच दिसल्या न्हाईत."

मी त्याच्याकडं सरळ बघितलं. सावळा होता. कपाळ मोठं. पुढचा एक दात जरा मागं. मला हा माणूस पाहिजे होता. पंधरा दिवस जेवण का जात नव्हतं ते मला त्या बंद पडलेल्या मागांमध्ये कळलं, आणि कळल्याबरोबर इतकी भीती वाटली की मी उगाच टेबलावरच्या चादरीची घडी मोडून परत घालायला लागले. आत जाऊन अव्वाला सांगावं, मामांना परत वैरागला पाठवावं, अप्पांच्या दुकानाकडं आपणच चालत जावं, असं एकदमच सगळं मनात आलं.

तो बाहुला वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. गाठी सोडल्या नाहीत. "असू देत. पुढचा करताना समोर ठेवतो." मग सुतळी बांधता बांधता म्हणाला, "एक विचारू का? राग नका मानू. तसं आता विचारून उपयोग काय न्हाय. मंगळवेढ्याला जमलंय माझं, पुढल्या सोमवारी साखरपुडा हाय. पण मनात राहतंय."

माझे हात घडीवरच राहिले. "विचारा," मी म्हणाले.

"बाहुल्याचं तुमी नऊ ठिकाणी दावलं. लई बरं वाटलं. माझं काय निघालं? मामांनी नुसतं योग न्हाय म्हणून सांगितलं. कळलं असतं तर नीट करता आलं असतं."

मी आठवून बघितलं. त्या तीन दिवसांत आमच्या घरात काय काय बोलणं झालं होतं, सगळं. उडायला चादर लागते का, फॉरेनला मशीन असतात का, रंग कच्चा, गुडघा वाकडा. या माणसाचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. त्याला काहीतरी सांगायला पाहिजे होतं, पत्रिका जमली नाही, गुण कमी पडले, काहीही. पण त्यानं खरं मागितलं होतं.

"तुमच्यात काही निघालं नाही," मी म्हणाले. "तुम्हाला आमच्यात कुणी बघितलंच नाही."

त्यानं सुतळीची गाठ मारली. बाहुला पिशवीत ठेवला, पिशवी काखेत धरली.

"मी बघितलं होतं तुम्हाला," तो म्हणाला, आणि शेडच्या दारातून वाकून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला.